रजिस्टरमध्ये किंमत भरणाऱ्या आज्ञा आणि ‘लोड ॲड्रेस’चा घोळ

१९६४ साली आयबीएमची सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर झाली तेव्हा आज्ञेतच लिहिलेली स्थिर संख्या थेट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान साठवणीच्या जागेत) भरण्याची स्वतंत्र सोय तिच्यात नव्हती. ‘एल’ या आज्ञेने मेमरीतून पूर्ण, म्हणजे ३२ बिटांचा, शब्द आणायचा, ‘एलएच’ने अर्धा, शून्य हवे तर ‘एसआर’ने रजिस्टरमधून तेच रजिस्टर वजा करायचे आणि कंडिशन कोड (आधीच्या क्रियेचा निकाल नोंदवून ठेवणारी खूण) बदलला तर ते सोसायचे. लहान धन संख्यांसाठी ‘एलए’, म्हणजे ‘लोड ॲड्रेस’, ही वाट रूढ झाली. नावात ‘लोड’ असले तरी ही आज्ञा मेमरीतून काहीही आणत नाही. बेस व इंडेक्स या दोन रजिस्टरांतील किमती आणि आज्ञेतच लिहिलेली १२ बिटांची संख्या, म्हणजे डिस्प्लेसमेंट, यांची बेरीज ती रजिस्टरमध्ये ठेवते. बेस व इंडेक्स वगळले की ० ते ४०९५ यांपैकी कोणतीही संख्या लिटरल पूलशिवाय (मेमरीत ठेवलेल्या स्थिर संख्यांच्या साठ्याशिवाय) मिळते आणि कंडिशन कोडही शाबूत राहतो.

खरा वाद त्या बेरजेच्या वरच्या बिटांवरून झाला. पत्ते २४ बिटांचे असल्यामुळे ‘एलए’ रजिस्टरचा वरचा बाइट शून्य करीत असे. त्या बाइटमध्ये खुणेची बिटे ठेवण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे कोणाला हा सापळा वाटे, तर कोणी ‘एलए’मध्ये शून्य डिस्प्लेसमेंट देऊन त्याच खुणा मुद्दाम पुसून टाकी. १९८०च्या दशकात याच मालिकेच्या पुढच्या ३७०-एक्सए या रचनेबरोबर ३१ बिटांचे पत्ते आले आणि पत्ते वाचण्याच्या त्या नव्या पद्धतीत, म्हणजे मोडमध्ये, हीच आज्ञा केवळ सर्वांत वरचे एक बिट पुसू लागली, म्हणजे पुसण्याची जुनी युक्ती एकही चूक न दाखवता निकामी झाली. एकाच आज्ञेचा अर्थ मोडवर अवलंबून ठेवण्याचा हा निर्णय जुने प्रोग्राम २४ बिटांच्या मोडमध्ये जसेच्या तसे चालावेत म्हणून घेतला गेला. त्यावर टीका पुष्कळ झाली, पण पत्त्याच्या शब्दात खुणा दडवणाऱ्यांचा दोष त्या टीकेत फारसा मोजला गेला नाही.

१९९०च्या दशकात त्यापुढच्या ईएसए/३९० या रचनेमध्ये ‘एलएचआय’ आली आणि −३२७६८ ते ३२७६७ ही चिन्हासहित मर्यादा मेमरीला हात न लावता उपलब्ध झाली. २००० सालच्या झेड/आर्किटेक्चरने रजिस्टरे ६४ बिटांची केली, आणि घोळ पुन्हा वाढला: ६४ बिटांच्या मोडमध्ये ‘एलए’ पूर्ण रजिस्टर भरते, तर ‘एलएचआय’ वरच्या ३२ बिटांना स्पर्शच करीत नाही, तिथे जुना कचरा तसाच राहतो. पूर्ण रुंदीसाठी ‘एलजीएचआय’ लिहावी लागते. पुढे ‘एलएवाय’ने डिस्प्लेसमेंट २० बिटांचे, चिन्हासहित केले आणि ‘एलजीएफआय’ने ३२ बिटांची संख्या आज्ञेतच सामावून घेतली. त्यामुळे ‘एलए’ने लहान संख्या भरण्याची निकड उरलेली नाही, तरी ती सवय जुन्या मॅक्रोंमध्ये (एका नावाने वापरायच्या तयार आज्ञासंचांमध्ये) ठाण मांडून आहे. ३२ बिटांचे शून्य करायचे तर दोन बाइटांची ‘एसआर’ अजूनही सर्वांत आटोपशीर पडते. पुढच्या ओळीत आधीच्या तुलनेचा कंडिशन कोड तपासायचा असेल तेव्हा मात्र चार बाइट खर्चून ‘एलएचआय’च वापरावी.