विमानावरचा बर्फ: पायलटचा निरोप वेगळा, सेन्सरची नोंद वेगळी

जुलैत पणजीत 26 अंश तापमान असतं, तेव्हा साधारण पाच किलोमीटर वर हवा शून्य अंशावर आलेली असते. दाबोळी किंवा मोपाहून मुंबईला निघालेलं विमान ही पातळी काही मिनिटांत ओलांडतं. त्यावरच्या ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब असतात. पंखावर आदळताच ते गोठतात. या बर्फाची माहिती रोजच्या फेऱ्यांतून दोन वाटांनी येते: पायलटचा निरोप आणि विमानावरचा सेन्सर. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात भरल्या की घोळ होतो.

पायलट कळवतो ती तीव्रता: हलकी, मध्यम, तीव्र. मध्यम म्हणजे उंची किंवा दिशा बदललेली बरी. तीव्र म्हणजे ताबडतोब बदलायलाच हवी. हे त्या विमानावर झालेल्या परिणामाचं वर्णन आहे, ढगातल्या पाण्याचं मोजमाप नव्हे. एटीआरसारख्या छोट्या, पंख्यांच्या विमानाला मध्यम वाटलेला ढग मोठ्या एअरबस जेटला हलका वाटू शकतो, म्हणून विमानाचा प्रकार लिहिला नसेल तर निरोपाचा फारसा उपयोग नाही. चढताना कामाची घाई असते; चार मिनिटं उशिरा कळवलं तर 300 नॉट (ताशी सुमारे 555 किलोमीटर) वेगानं विमान 37 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. शिवाय ‘बर्फ नव्हता’ हे सहसा कुणी कळवत नाही.

सेन्सर म्हणजे बाहेर डोकावणारी बोटभर कांडी. काही विमानांवरच ती असते. ती सेकंदाला 40 हजार वेळा कंप पावते. अर्धा मिलिमीटर बर्फ बसला की वजनामुळे कंपनं सुमारे 130 हर्ट्झनं घटतात, इशारा जातो, हीटर बर्फ वितळवतो आणि मोजणी नव्यानं सुरू होते. जमण्या-वितळण्याचं हे चक्र जितक्या लवकर पूर्ण होतं तितका बर्फ जमण्याचा वेग जास्त. इथं ‘नाही’ हे उत्तरही आपोआप मिळतं, आणि हवामानाचा अंदाज तपासायला तेच सर्वांत मोलाचं.

पण हीटर चालू असताना मोजणी थांबते. शून्याच्या जवळ, उणे एक-दोन अंशांवर, बरंचसं पाणी न गोठताच वाहून जातं. दोन्ही वेळा आकडा कमी येतो. पावसाळी गडगडाटी ढगांत 35 हजार फुटांवर तर बर्फाचे कोरडे स्फटिक असतात. ते कांडीला चिकटत नाहीत, इंजिनात मात्र वितळून पुन्हा गोठू शकतात. तिथं सेन्सर गप्प असतो. बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारा प्रोब (दांडीसारखं उपकरण) शून्यावर अडकला तर तोच खरा इशारा.

म्हणून तक्त्यात ‘बर्फ नाही’ आणि ‘सेन्सर बंद’ यांना वेगळे संकेत द्या. बंद सेन्सरची जागा शून्यानं भरली, तर नंतर ती चूक शोधून काढायला काहीच हाती उरत नाही.