पुण्यातली राँग साइड : सायकलीपासून कॅमेऱ्यापर्यंत

सिग्नल लाल असताना डावीकडच्या फटीतून पुढे सरकायचं आणि झेब्रा क्रॉसिंगच्याही पुढे जाऊन थांबायचं, यात पुण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रस्ता तुंबला आणि फूटपाथला कुठे उतार दिसला, की दुचाकी वर चढलीच. 'पुणेकर बेशिस्त' म्हणून आपण विषय संपवतो. मला ते पटत नाही. या सवयी या शहरात टप्प्याटप्प्याने रुजत गेल्या आहेत.

एकेकाळी पुणं सायकलींचं शहर होतं. पेठांतले रस्ते अरुंद, कॉलेज, कचेरी, खडकीचा दारूगोळा कारखाना, सगळीकडे माणसं सायकलवरून जात. नियम तेव्हाही होते. रात्री दिवा हवा, डबलसीट नको. पोलिसाने पकडलं तर चाकातली हवा सोडून द्यायचा आणि सायकल ढकलत घरी न्यावी लागायची. पण फटीतून सायकल काढली किंवा चार पावलं उलट्या बाजूने नेली, तरी त्यात कुणाचा जीव सहसा जात नसे.

मग सायकलीच्या जागी इंजिन आलं. आकुर्डीत बजाजचा कारखाना होता. १९७२ साली चेतक स्कूटर बाजारात आली आणि पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. कायनेटिकची लूना ही मोपेडही त्याच वर्षीची. १९८४ मध्ये बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली आणि घरातल्या बायका-मुलींच्या हातीही गाडी आली. ही फार मोलाची मोकळीक होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चूक दुसरीकडे झाली. चालवण्याची पद्धत सायकलचीच राहिली, रस्ता तेवढाच राहिला, वेग मात्र तिप्पट झाला.

परवान्याचीही तीच गत. मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायची मुभा दिली. लूनासारख्या गाड्या डोळ्यांसमोर असताना ते ठीक होतं. पुढे तसल्या गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्या, आणि अकरावीतली मुलं तोच परवाना खिशात ठेवून शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटर पळवू लागली. गाडी बहुधा आईबापांनीच घेऊन दिलेली असते.

राँग साइडचं मूळ थोडं वेगळं आहे. गर्दी वाढली तसे लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले. वाहतूक सुटली हे खरं, पण पन्नास पावलं मागे असलेल्या दुकानात जायला आख्खा वळसा पडू लागला. मोठ्या रस्त्यांवर सलग दुभाजक आले आणि यू-टर्न लांब गेले. तिथून 'एवढंच तर जायचंय' सुरू झालं. समोरून येणारा हेडलाइट लावून, हॉर्न वाजवत, आपल्यालाच बाजूला व्हायला सांगतो. रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं गाड्या येण्याच्या बाजूला बघत असतात आणि धक्का उलटीकडून बसतो, याची चीड यायलाच हवी.

बससेवा धड असती तर एवढ्या गाड्या लागल्याच नसत्या. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखून ठेवणारी सेवा, सुरू झाली. देशातला तो पहिला प्रयोग होता. पण बसची लेन दुचाकींनी व्यापली, कठडे तुटले. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली, तरी स्टॉपवरची ताटकळ संपली नाही. २०१८ पर्यंत शहरातल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली होती. मेट्रो आली ती २०२२ च्या मार्चमध्ये.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणं, राँग साइडने जाणं, गाडी चालवताना मोबाइल हातात धरणं हे सगळं धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात आलं. राज्यात वाढीव दंड लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. आता चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, नसले तरी कॅमेऱ्यातून ई-चलन येतं, म्हणून मोठ्या चौकांत लोक थोडे थांबतात. आतल्या गल्ल्यांमध्ये कॅमेरा नाही, आणि शाळा सुटते तेव्हा मुलं त्याच गल्ल्यांतून चालत घरी जातात.