प्रोस्टेट कर्करोग : दांपत्याचा संयुक्त सामना

प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारांचे शारीरिक, मानसिक व लैंगिक परिणाम रुग्ण आणि जोडीदार यांनी मिळून पेलण्याची प्रक्रिया. गाठ एकाच्या शरीरात असते. पण मूत्रगळती, शिश्नताठरतेचा अभाव आणि ओसरलेली कामेच्छा यांची झळ दोघांनाही लागते. त्यामुळे या कर्करोगाला ‘दोघांचा आजार’ म्हणण्याचा प्रघात पडला.

संयुक्त सामन्याच्या या संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ लॅझारस व फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला ताणाचा सिद्धांत मुख्यतः व्यक्तिकेंद्री होता. तो जोडप्याला लागू करण्याचे श्रेय सामान्यतः स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांना दिले जाते. १९९० च्या दशकात आकाराला आलेल्या त्यांच्या प्रतिमानानुसार एक जण आपला ताण शब्दांतून वा वागण्यातून कळवतो, दुसरा त्याला प्रतिसाद देतो आणि काही ताण दोघे एकत्र हाताळतात. काही अभ्यासक मात्र कॉइन व स्मिथ यांच्या १९९१ मधील कामाकडे बोट दाखवतात. ते काम हृदयविकाराचा झटका आलेल्या पुरुषांच्या पत्नींविषयी होते. समोरच्याला त्रास नको म्हणून स्वतःची काळजी दडवणे, वाद टाळणे आणि हसतमुख राहणे या वर्तनाला त्यांनी ‘प्रोटेक्टिव्ह बफरिंग’ असे नाव दिले. मराठीत त्याला ‘संरक्षक आडपडदा’ म्हणता येईल. बोडेनमान यांची मांडणी अधिक व्यापक आहे. तरीही प्रोस्टेटच्या रुग्णांच्या घरातील शांतता समजून घेण्यास आडपडद्याची कल्पना अधिक उपयोगी वाटते. तो अशक्त दिसू नये म्हणून बोलत नाही, ती त्याला दुखवू नये म्हणून विचारत नाही. दोघेही मायेपोटी एकटे पडतात.

उपचारानुसार ही कोंडी बदलते. ग्रंथी काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्र बाहेर काढणारी नळी (कॅथेटर) साधारण एक ते दोन आठवडे ठेवावी लागते. ती काढल्यावर गळती सुरू होते आणि बहुतेकांत काही महिन्यांत कमी होत जाते. शल्यचिकित्सक पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ताठरतेशी संबंधित मज्जातंतू वाचवणारी शस्त्रक्रिया रूढ करण्यास आरंभ केला. पण वाचवलेले तंतूही दुखावतात आणि ताठरता परतण्यास दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. काहींत ती परतत नाही. वीर्यस्खलन कायमचे थांबते, पण कामपूर्तीची संवेदना ताठरतेवाचूनही शक्य असते. हे आधी सांगितले न गेल्यास जोडपे सारेच संपले असे समजते. किरणोपचारात उलट क्रम दिसतो : आरंभी ताठरता टिकते आणि पुढील काही वर्षांत हळूहळू घटते.

संप्रेरक-उपचाराचा पाया चार्ल्स हगिन्झ यांच्या १९४१ मधील संशोधनात आहे (नोबेल पारितोषिक, १९६६). या उपचारात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटवले जाते आणि त्यामुळे केवळ क्षमता नव्हे, इच्छाच मावळते. अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, वजन वाढते, कधी सहज रडू येते. येथे एक गैरसमज वारंवार घडतो. मिठी मारली तर पुढची अपेक्षा निर्माण होईल या धास्तीने पुरुष साधा स्पर्शही टाळतो आणि जोडीदाराला आपण नकोसे झालो असे वाटते. हा औषधाचा परिणाम आहे, हे दोघांसमोर एकाच वेळी सांगणे अत्यंत आवश्यक आहे.

समुपदेशनाच्या परिणामांचे पुरावे संमिश्र आहेत. लॉरेल नॉर्टहाउस व सहकाऱ्यांच्या २००७ मधील चाचणीत २६३ जोड्या होत्या. रुग्णांपेक्षा त्यांच्या जोडीदारांना अधिक व दीर्घकाळ लाभ झाला. लैंगिक पुनर्वसनाच्या २००५ मधील एका छोट्या चाचणीत जोडीदार सत्रांना हजर असण्याने फरक पडला नाही. केवळ उपस्थिती पुरत नसावी, असा अर्थ लावणे सयुक्तिक ठरते. श्रोणितलाच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंचे व्यायाम, गोळ्या, इंजेक्शने, निर्वात पंप हे उपाय पुरुषासाठी असतात. अनेकदा रजोनिवृत्ती ओलांडलेल्या पत्नीच्या कोरडेपणाची वा तिच्या इच्छेची चौकशी क्वचितच होते. ही उपचारपद्धतीतील गंभीर उणीव आहे.

समलिंगी पुरुष जोडप्यांत गुदमैथुनातील ग्राही भूमिकेच्या सुखावरही परिणाम होतो. उपचार पुढे ढकलून सक्रिय देखरेख निवडणाऱ्यांत दुष्परिणाम टळतात. मात्र प्रत्येक पीएसए (प्रोस्टेटशी निगडित प्रथिनाच्या रक्तातील पातळीच्या) तपासणीपूर्वीची धाकधूक दोघांच्या वाट्याला येते.