अर्धा पंखा पाण्यात

अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन हा लांबच लांब तलाव आहे. २६ जून १९५० रोजी त्या तलावावर ‘स्लो-मो-शन फोर’ नावाची होडी ताशी १६० मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेगाने धावली. त्याआधीचा जागतिक विक्रम सर माल्कम कॅम्बेल यांचा होता, १९३९ सालचा, ताशी १४१.७४ मैलांचा. जो विक्रम अकरा वर्षं कुणाला हलवता आला नव्हता, तो एका सकाळी अठरा मैलांनी मागे पडला.

विमानाचं ताकदवान इंजिन तेव्हा इतरांकडेही होतं. स्लो-मो-शनचं वेगळेपण तिच्या शेपटात होतं. टेड जोन्स यांनी तिचा आराखडा असा केला होता की पूर्ण वेगात होडीचा मागचा भाग पाण्यातून वर उचलला जायचा आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, फक्त अर्धा पाण्यात राहायचा. पुढे दोन बाजूंना दोन छोटे तराफे, ज्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि मागे हा अर्धा पंखा. एवढ्या तीन जागांवर सगळी होडी. बाकी खाली हवा.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. पाण्यात बुडालेली प्रत्येक बोटभर जागा वेगाची किंमत मागते. पंख्याला धरणारा दांडा, पंख्याचा मधला गड्डा, हे सगळं पाण्याबाहेर आलं की ती किंमत वाचते. पंख्याचं प्रत्येक पातं अर्धा फेरा पाण्यात मारतं आणि अर्धा हवेत. पाण्यात शिरताना ते स्वतःच्या पाठीमागे हवेचा खळगा ओढून नेतं, त्यामुळे खोल बुडालेल्या वेगवान पंख्याला छळणारे वाफेचे बुडबुडे इथे तसा त्रास देत नाहीत.

आज हीच रचना सव्वा मीटर लांबीच्या, हातात रिमोट धरून चालवायच्या होड्यांत दिसते. त्यांना ‘गॅस बोट’ म्हणतात, पण आपल्या डोळ्यांसमोर येणारा सिलिंडर तिथे नाही. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. आणि या होडीचं इंजिन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. कोकणात आंब्या-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर खांद्याला अडकवून गवत कापायचं जे ग्रासकटर चालतं, त्याच्याच कुळातलं हे टू-स्ट्रोक इंजिन. जपानच्या झेनोआ कंपनीचं जी-२६० हे या छंदातलं सर्वांत परिचित इंजिन. ३४ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, २८ मिलिमीटरचा स्ट्रोक, गुणाकार केला की २५.४ सीसी. हवेऐवजी पाण्याने थंड होणारं. ते पाणी बहुधा सुकाणूच्या पात्यातल्या बारीक भोकातून, होडीच्या स्वतःच्या वेगाने, नळीतून वर चढतं.

ग्रासकटरमध्ये असलं इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांवर काम उरकतं. होडीत त्याच्याकडून पंधरा हजार आणि त्याहून जास्त फेऱ्या मागितल्या जातात. ही मागणी इंजिन पुरी करतं ती मुख्यतः एका पोकळ, मधे फुगलेल्या नळीच्या जोरावर. तिला ट्यून्ड पाइप म्हणतात. या साऱ्या छंदात मला सर्वांत मोहवणारी वस्तू हीच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

अशा टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो. गोची अशी, की जळलेला धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायच्या खिडक्या काही काळ एकत्रच उघड्या असतात. पिस्टन वर येताना ताज्या मिश्रणाची खिडकी आधी झाकली जाते, धुराची नंतर. म्हणजे आत आलेलं ताजं पेट्रोल पाठीमागच्या दारातून पळून जायला मोकळं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमागे उभं राहिल्यावर न जळलेल्या पेट्रोलचा वास यायचा, तो याचमुळे.

पाइप हे दार बंद करतो, आणि तेही कुठलाही हलता भाग न वापरता. धुराची खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीत सुटते. नळी पुढे रुंदावते, तिथून उलटी लाट परत येते आणि उरलेला धूर ओढून बाहेर काढते. त्या ओढीत थोडं ताजं मिश्रणही नळीत येतं. मग मूळ लाट पुढे निमुळत्या होत गेलेल्या टोकावर आदळते आणि विहिरीत मारलेल्या हाकेसारखी माघारी येते. ती बरोबर वेळेवर पोचली, तर पळालेलं मिश्रण ढकलून पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते आणि तेवढ्यात पिस्टन खिडकी झाकून टाकतो.

‘बरोबर वेळ’ म्हणजे किती, हे हिशेब करून बघू. पंधरा हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५०, म्हणजे एका फेरीला ४ मिलिसेकंद. धुराची खिडकी अर्धी फेरी उघडी असते असं धरलं, तर हातात २ मिलिसेकंद आहेत. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५२० मीटर धावतो. दोन मिलिसेकंदांत १०४ सेंटिमीटर. जाऊन परत यायचं आहे, म्हणून पिस्टनपासून त्या निमुळत्या टोकापर्यंतचं अंतर ५२ सेंटिमीटर हवं. आता सतरा हजार फेऱ्यांसाठी हाच हिशेब करा. उत्तर येतं ४६. दोन हजार फेऱ्यांसाठी सहा सेंटिमीटर, म्हणजे शंभर फेऱ्यांना तीन मिलिमीटर. तलावाकाठी गुडघ्यावर बसून रबरी जोडातला पाइप तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा आत सरकवणारा माणूस दिसला, तर तो उगाच चाळा करत नसतो.

हे गणित विक्रमांच्या पातळीवर नेलं पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीतल्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने, १९५०च्या दशकात. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघत होती, लिटरमागे २००. टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता हा आकडा तोवर कुणी गाठला नव्हता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, ही विद्या सुझुकीकडे पोचली आणि १९६२ साली डेग्नरने सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. आपल्याकडे यामाहा आरएक्स १००चा सायलेन्सर हौसेने कापून घेतलेल्या अनेकांना आवाज वाढला पण गाडीची ओढ गेली असा अनुभव आला, त्याचं मूळ या लाटेत आहे. लाटेला परतवणारी भिंतच कापली गेली, तर ती परत यायची कशी?

लाटेचा वेग धुराच्या तापमानावर अवलंबून असतो, हे आणखी एक मजेदार अंग. काही जेटस्कींमध्ये कमी फेऱ्यांवर पाइपात पाण्याची बारीक धार सोडतात. धूर थंड होतो, आवाज मंदावतो, आणि लाटेला पाइप आहे त्यापेक्षा लांब भासतो. फेऱ्या वाढल्या की पाणी बंद, पाइप पुन्हा आखूड.

इतकं जमलं तरी निम्मंच काम झालं. पाइप एका विशिष्ट फेऱ्यांनाच फळतो, आणि त्या फेऱ्यांपर्यंत इंजिनाला जाऊ द्यायचं की नाही हे पंखा ठरवतो. पाइपची आणि पंख्याची पत्रिका जुळावी लागते. ऑक्ट्युरा कंपनीचा एक्स ४६७ हा पंखा घ्या. नावातले ६७ म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये. आधीचा ४ सांगतो की एका फेरीत पुढे सरकायचं अंतर व्यासाच्या १.४ पट, म्हणजे सुमारे ९४ मिलिमीटर. लाकडात स्क्रू फिरतो तसा हा पाण्यात फिरला असता, तर पंधरा हजार फेऱ्यांना ताशी ८४ किलोमीटर. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, ते मागे सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के कमी धरायचे. पंखा मोठा घेतला तर कागदावर वेग वाढतो, पण इंजिन पाइपच्या फेऱ्यांपर्यंत चढतच नाही आणि होडी घरघरत राहते. फार लहान घेतला तर इंजिन पाइपच्या पुढे निघून जातं, परतलेली लाट बंद खिडकीवर आपटते.

पंखा विकत आणून तसाच लावत नाहीत. पाण्यात शिरणारी कड वस्तऱ्यासारखी धारदार करतात, दोन्ही पाती काट्याच्या तोल्यावर सारखी करतात, मागची कड किंचित आत वळवून पाणी पकडायला लावतात. यातले अनेक पंखे बेरिलियम तांब्याचे असतात. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून घासकाम पाण्याखाली ओला सँडपेपर वापरूनच करायचं आणि मास्क घालायचाच. ही सूचना कितीदाही सांगावी लागली तरी मी सांगेन.

सिलिंडरच्या खिडक्यांवर हात टाकायची घाई मात्र करू नये असं माझं मत आहे. धुराच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटरने घासली, तर या इंजिनात ती फेरीमागे सुमारे आठ-नऊ अंश जास्त उघडी राहते. वरच्या फेऱ्यांना ताकद वाढते, खालची जाते, आणि घासलेला धातू परत चिकटवता येत नाही. पाइप आणि पंखा रोज बदलता येतात. म्हणून आधी ते.

आता होडीचं नाक. धावत्या गाडीच्या खिडकीतून हाताचा पंजा बाहेर धरला आणि पुढची कड जराशी वर कलली, की हात आपोआप वर फेकला जातो. हायड्रोप्लेनचा, म्हणजे स्लो-मो-शनसारख्या पाण्याला जेमतेम टेकून धावणाऱ्या होडीचा, तळ म्हणजे असा भला मोठा पंजा आहे. हवेची ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी ११३ किलोमीटर झाले की दुप्पट. उचल हवीच असते, तिच्यामुळे तर तराफे पाण्याला जेमतेम टेकतात. पण नाक ठरावीक कोनापलीकडे गेलं की उचल नाकाला आणखी वर ढकलते, वर गेल्याने उचल आणखी वाढते, आणि होडी मागच्या मागे उलटते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर माल्कम यांचे पुत्र डोनाल्ड कॅम्बेल यांची ‘ब्लूबर्ड’ अशीच उलटली आणि त्यात त्यांचा अंत झाला. होडी तेव्हा ताशी ३०० मैलांच्या आसपास होती.

छोट्या होडीत हा कोन साधायची साधनं साधी आहेत. एक म्हणजे वजनाची जागा. बॅटरी पुढेमागे करून गुरुत्वमध्य तराफ्यांच्या मागच्या कडेच्या थोडा मागे आणतात. पेट्रोलची टाकी त्या बिंदूच्या जवळ ठेवतात, कारण अर्धा लिटर पेट्रोल म्हणजे पाव किलोपेक्षा जास्त वजन आणि ते धावता धावता जळून जातं. दुसरं म्हणजे पंख्याचा दांडा. त्याचं मागचं टोक किंचित खाली झुकवलं की ढकल थोडी वरच्या दिशेने लागते, शेपूट उचलते, नाक खाली येतं. होडी सुरक्षित होते आणि हळूही होते, कारण तराफे जास्त पाणी कापू लागतात. पाव-अर्ध्या अंशाचा हा खेळ, आणि वारा समोरून आला की कालचा कोन आज चालत नाही.

तराफ्याच्या बाजूला उभी पातळ पट्टी असते, वळताना होडी बाजूला घसरू नये म्हणून. अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींत होड्या डावीकडे वळतात, म्हणून त्यांची पट्टी डाव्या बाजूला. रिमोटच्या शर्यतींत वळणं उजवीकडे, म्हणून पट्टीही उजवीकडे.

उरला कार्बोरेटर. त्याला दोन सुया, कमी फेऱ्यांची आणि जास्त फेऱ्यांची. लिटरमागे तीस-चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे सुई आवळून पेट्रोल कमी केलं की वंगणही कमी होतं. इंजिन क्षणभर सुरेख ओरडतं, मग पिस्टन तापून भिंतीला धरतो. काठावर स्टँडवर ठेवून लावलेली सुई पाण्यात उपयोगी पडत नाही, कारण पंखा निम्मा वेळ हवेत असताना इंजिनावरचा भार वेगळाच असतो. जुना उपाय अजून चांगला आहे. पूर्ण वेगातून इंजिन एकदम बंद करायचं, होडी ओढून आणायची, प्लग काढून रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर सुई ताबडतोब सैल करायची.

काठावर उभ्या माणसाकडे खरं यंत्र त्याचा कान असतो. पंधरा हजार फेऱ्यांवर या इंजिनाचा मूळ स्वर २५० हर्ट्झ, पेटीवरच्या पांढरी सातच्या जवळ. पण होडी जवळ येताना स्वर चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरलेला. हा डॉप्लर परिणाम, रेल्वेच्या भोंग्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणून फेऱ्या कानाने ओळखायच्या तर होडी अगदी समोर असतानाच, नाहीतर फसगत.

याच उतारातून वेगही कळतो. होडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जाते असं धरा, आवाज हवेत ३४० मीटरने. येतानाचा आणि जातानाचा स्वर यांचं प्रमाण ३६० भागिले ३२०, म्हणजे ९ भागिले ८. गाण्यात हेच शुद्ध रिषभ आणि षड्ज यांचं अंतर. होडी समोरून गेली आणि आवाज ‘रे’वरून ‘सा’वर उतरला, तर वेग ७२. कोमल गंधारावरून ‘सा’वर आला, तर प्रमाण ६ भागिले ५ आणि वेग सुमारे १११. शुद्ध गंधारावरून आला, तर १३६. इंजिनाचा मूळ स्वर कोणताही असो, उतार तेवढाच राहतो. फोनवर आवाज टिपून घरी पेटीवर ताडून बघता येतं.

मग पुढच्या फेरीत एकच गोष्ट बदलायची. पाइप तीन मिलिमीटर आत, बाकी सगळं तसंच. नाक पूर्वीइतकंच शांत राहिलं आणि उतार रे-सापेक्षा जरासा मोठा ऐकू आला, तर पाइपच्या रबरी जोडावरची पट्टी तिथेच घट्ट आवळायची.