पोलिसांचा खुला डेटा आणि नकाशे

पोलिसांकडे रोज जमा होणारी माहिती, म्हणजे गुन्हे, झडत्या, गोळीबार, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी, कुणालाही डाउनलोड करून वापरता येईल अशी मोकळी करायची आणि नकाशावर मांडायची, याला ढोबळमानाने पोलिसांचा खुला डेटा म्हणतात. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ टाकली की झालं असं नाही, त्यातली माहिती मोजता-जुळवता आली पाहिजे.

सुरुवातीचं गाजलेलं उदाहरण शिकागोचं. 2005 मध्ये एड्रियन होलोव्हाटी नावाच्या पत्रकार-प्रोग्रामरने शिकागो पोलिसांच्या साइटवरची गुन्ह्यांची यादी उचलून गूगल मॅप्सवर टाकली, तेव्हा गूगलने बाहेरच्यांसाठी तशी अधिकृत सोयसुद्धा दिलेली नव्हती, तरी पठ्ठ्याने जमवलं. आता शहर स्वतःच 2001 पासूनचे गुन्हे पोर्टलवर देतं, फक्त शेवटचे सात दिवस सोडून, आणि घर नंबर न देता ब्लॉकपर्यंतच, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यापर्यंतच, पत्ता देतं.

इंग्लंड-वेल्समध्ये हे काम सरकारनेच केलं. 2011 च्या सुरुवातीला गल्लीवार गुन्हे दाखवणारा नकाशा आला आणि पहिल्याच दिवशी गर्दीने साइट झोपली. यात गंमत अशी की ठिपका खऱ्या जागेवर नसतोच, आधीच ठरवलेल्या जवळच्या बिंदूवर सरकवलेला असतो, आणि त्या बिंदूच्या हद्दीत एकतर किमान आठ पत्ते असतात नाहीतर एकही नसतो, म्हणजे घर ओळखू येऊ नये. त्यामुळे आजूबाजूचे गुन्हे एकाच चिमुकल्या गल्लीवर गोळा होऊ शकतात आणि तिथले लोक म्हणणार, आमच्याकडे तर काहीच झालं नाही!

पण खरी मेख वेगळीच आहे. नकाशावर नोंदलेलाच गुन्हा दिसतो. 2014 मध्ये तिथल्या पोलीस निरीक्षण संस्थेने तपासलं तर लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के नोंदलेच जात नव्हते, वर्षाला 8 लाखांच्या वर. आपल्याकडे एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन बोळवण करतात ना, तसलाच प्रकार. म्हणजे कोरी दिसणारी गल्ली सुरक्षितच असेल असं नाही. आणि मँचेस्टरच्या पोलिसांची तर 2019 मध्ये नवी संगणक यंत्रणा आल्यावर गुन्ह्यांची आकडेवारीच यायची थांबली.

शिवाय गुन्ह्यांचा नकाशा लोकांनी काय केलं ते सांगतो, पोलिसांनी काय केलं ते नाही, आणि पारदर्शकता म्हणून मिरवतात ती बऱ्याचदा हीच. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात अडवून झडती घेतल्याची नोंद ठेवावी लागायची, ते आकडे बाहेर आले तेव्हा दिसलं की 2011 या एका वर्षात 6,85,724 वेळा लोकांना अडवलं आणि त्यातल्या 88 टक्के वेळा काहीच निघालं नाही, ना अटक ना समन्स. 2013 मध्ये फेडरल कोर्टाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली ती घटनाबाह्य ठरवली. शिकागोत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची कागदपत्रं सार्वजनिक आहेत असा निकाल 2014 मध्ये मिळाला, तोही पत्रकार जेमी काल्व्हेन यांनी बरीच वर्षं कोर्टात खेटे घातल्यावर, आणि 2015 मध्ये त्यातून शोधता येईल असा डेटाबेस उभा राहिला, अधिकाऱ्याचं नाव टाका आणि त्याच्यावर किती तक्रारी झाल्या ते बघा.

भारतात सुप्रीम कोर्टाने 7 सप्टेंबर 2016 ला सांगितलं की लैंगिक गुन्हे, दहशतवाद वगैरे संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाका, नेट नीट नसेल तिथे 48 तास, नेटची अडचण फारच असेल तर जास्तीत जास्त 72. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ते मिळतातही, पण एकेक एफआयआर उघडून वाचायचा, नकाशा करायचा तर ठिकाण आपणच टिपून घ्यायचं.