क्रिस्पर असलेला जिवाणू अभेद्य नसतो
क्रिस्पर, म्हणजे घुसलेल्या विषाणूचा डीएनए ओळखून तो कात्रीसारखा कापणारी संरक्षण प्रणाली, असलेल्या जिवाणूपुढे विषाणूला स्वतःचा डीएनए बदलण्यावाचून गत्यंतर नसते, हा समज दीर्घकाळ रूढ आहे. तो अपुरा आहे. अशा बदलाने विषाणू निसटतात हे खरेच, परंतु स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला ग्रासणारे काही विषाणू क्रिस्परलाच निकामी करणारी प्रथिने बनवतात, हे टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. यांतील काही प्रथिने तर डीएनएचेच रूप धारण करून या कात्रीची डीएनए पकडण्याची जागा अडवतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते २०१८ मध्ये उघड झालेले सहकार्य: पहिला विषाणू बहुधा नष्ट होतो, पण तत्पूर्वी तयार झालेली त्याची प्रथिने पेशीचा प्रतिकार दुबळा करतात आणि मागून येणारा विषाणू तिचा ताबा घेतो.