ससा दिसण्यासाठी कागद लागतो

‘दोन ओळी लिहा, क्षणात फर्निचरचे चित्र मिळवा’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. त्यांच्यामागे एक जुनाच गैरसमज आहे: वस्तू आधी डोक्यात पूर्ण तयार होते आणि रेखाटन ही केवळ तिची नक्कल असते.

बदक आणि ससा असे दोन्ही दिसणारे चित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यातील बदकाची चोच म्हणजेच सशाचे कान. १९८५ मध्ये डेबोरा चेंबर्स आणि डॅनियल राइसबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी हे चित्र लोकांना थोडा वेळ दाखवले, मग ते मनासमोर आणून त्यात दुसरा प्राणी शोधायला सांगितले. एकालाही तो सापडला नाही. त्यानंतर तेच चित्र आठवणीतून कागदावर काढायला लावले, तेव्हा स्वतःच्याच रेखाटनात तो प्रत्येकाला दिसला! मनातील प्रतिमा तिच्या अर्थासकट साठवलेली असते. पुढची बाजू कोणती, चोच कुठे, हे त्यात आधीच ठरलेले असते. कागदावर मात्र नुसत्या रेषा उरतात आणि डोळ्यांना त्या नव्याने वाचाव्या लागतात. (पुढील प्रयोगांत, नेमकी सूचना मिळाल्यावर काहींना मनातही बदल जमला.) म्हणूनच सुरुवातीचे रेखाटन थोडे अस्पष्ट असलेले बरे, गुळगुळीत, रंगवलेले चित्र पर्यायी वाचनाला फारशी जागाच ठेवत नाही.

वजन, पोहोच आणि अडचण मात्र रेषांना सांगता येत नाही, त्यासाठी नमुना लागतो. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पामपायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाची रचना चालू असताना त्याचे जनक जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि तो चालू असल्यासारखा वापरत.

गिरगावातील आमच्या चाळीच्या खोलीत कपाट करायचे ठरले, तेव्हा ते कोणत्या दिशेला असावे यावर वास्तुशास्त्राच्या आधारे दोन संध्याकाळी चर्चा झाली. दार कुठे उघडेल, हे कोणीच विचारले नाही. सुतारकाकांनी खडूने फरशीवर कपाट पूर्ण मापात आखले, दाराच्या रुंदीची पट्टी बिजागरीच्या जागी धरून फिरवली आणि ती पलंगाच्या पायाला चार बोटे आधीच अडली. प्लायवूड अजून दुकानातच होते. दार सरकते करायचे, हे तिथेच ठरले.